राणीसरकार चढ चढेनात

गाडीला पिकअप राहिलेला नाही, हे सगळ्यांत आधी दातांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांच्या लक्षात आलं, आणि ज्यांना येते त्यांनी पंधरा दिवस ते हसण्यावारी नेलं.

डॉक्टर आमच्या ड्रायव्हिंग क्लासचे विद्यार्थी. 'आमच्या' म्हणजे खरं तर आत्याच्या. आत्या बाबांची मोठी बहीण. क्लास तिचा, दोन्ही गाड्या तिच्या आणि शेवटचा शब्दही तिचाच. नव्या गाडीवर ती स्वतः शिकवते, जुनी गाडी आईकडे. आई अठरा वर्षं शिकवतेय. जुन्या गाडीचं नाव कुणा विद्यार्थ्यानं राणीसरकार ठेवलं, कारण सकाळी ती पहिल्या हाकेला कधी उठत नाही. मी पाचवीत असल्यापासून राणीसरकारांच्या मागच्या सीटवर बसून शाळेत जाते. सातची शिकवणी शाळेवरूनच जाते, मग वेगळी सोय कशाला? त्यामुळे मला गाडी चालवता येत नाही, पण गाडी कशी चालवू नये याचा माझ्याइतका अभ्यास अख्ख्या गावात कुणाचा नसेल.

तर त्या सकाळी आम्ही पाण्याच्या टाकीमागचा चढ चढत होतो. चढत होतो म्हणजे तशी इच्छा बाळगून होतो. डॉक्टर स्टिअरिंगला असे चिकटले होते की जणू तेच गाडीला ओढतायत. इंजिन घुंऽऽ करत होतं आणि रस्त्याकडेचा विजेचा खांब काही केल्या मागे जाईना.

"मॅडम, मी पूर्ण दाबलाय," डॉक्टर म्हणाले.

"पूर्ण दाबलाय असं तुम्हाला वाटतं," आई म्हणाली. "घाबरलेला माणूस पाय नुसता ठेवतो, दाबत नाही."

"मी रोज लोकांचे दात उपटतो, मॅडम. जोर कशाला म्हणतात ते मला कळतं."

तेवढ्यात एक आजोबा सायकल हातात धरून, चालत, आमच्या शेजारून पुढे गेले. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही, हेच मला जास्त लागलं.

डॉक्टरांनंतर अजून दोघांनी तक्रार केली आणि सोमवारी आत्यानं आईला ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, एक टेबल, एक फोन आणि एक रिकामी खुर्ची. फोन घेणाऱ्या बाई गेल्या महिन्यात नोकरी सोडून गेल्या होत्या आणि रिकामी खुर्ची आत्याला बघवत नाही.

"तीन तक्रारी झाल्या," आत्या म्हणाली. "शनिवारी सकाळी मी स्वतः मागे बसून येते. टाकीमागचा चढ. तिसऱ्या गिअरवर चढली तर ठेवू. नाही चढली तर गाडी मोडीत आणि तू इथं. फोन घ्यायचा, वेळा लिहायच्या. डोक्यावर पंखा. अगं, लोक अशा कामासाठी तडफडतात."

"बघू," आई म्हणाली.

आता हे 'बघू' समजून घ्यायला हवं. आई घरात 'बघू', 'चालेल' आणि 'तुम्ही म्हणाल तसं' एवढ्या तीन शब्दांवर संसार करते. बाबा शिंपी आहेत, तेही फारसं बोलत नाहीत. घरातलं बहुतेक बोलणं शिलाई मशीन करतं आणि उरलेलं मी. पण आई राणीसरकारांच्या शेजारच्या सीटवर बसली, पट्टा लावला, की वेगळीच बाई होते. वकील असो, पोलीस असो, कुणी सहा फुटी पहिलवान असो, "आरसा बघा! आरसा भांग पाडायला नाही दिलेला!" असं ती त्यांना ठणकावते आणि ते मुकाट्यानं आरसा बघतात. आईच्या वाट्याला जगातली जी काही हुकूमत आली आहे, ती त्या एका सीटवर. आत्या ती सीट काढून घेऊन तिला पंखा देत होती.

मी ठरवलं की बिघाड मीच शोधायचा. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हात वर करत नसे. यंदा मी तो खाली घेत नाही. अशा मुलीला एक इंजिन काय अवघड?

आमचे गॅरेजवाले मेस्त्रीही म्हणतात, इंजिनाचं काम लई सोपं असतं. बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून ते मला सांगत होते, "हे बघ पोरी. इंजिन हवा आत घेतं, पेट्रोल पितं, ठिणगी पडते आणि धूर बाहेर सोडतं. झालं. गाडीत दम नाही, म्हणजे या चारातलंच काहीतरी. पाचवं काही नसतं."

सोमवारी दुपारी त्यांनी हवेचा फिल्टर काढला. तो तव्यासारखा काळा निघाला. "हा बघ चोर," म्हणाले. नवा बसवला, एकटे जाऊन चढावर चक्कर मारून आले. "हरणासारखी पळते, वहिनी!"

मंगळवारी सकाळी आई शेजारी, डॉक्टर स्टिअरिंगवर, मी मागे. हरणाची पुन्हा म्हैस झाली होती.

मंगळवारी प्लग बदलले. बुधवारी पेट्रोलचा फिल्टर आणि पाठोपाठ पेट्रोलचा पंपच. सायलेन्सर तुंबला असेल म्हणून तोही उतरवून बघितला. त्यातून आरपार दिसत होतं. कॉम्प्युटरची वायर जोडली, तर कॉम्प्युटर म्हणाला, दोष नाही. शेवटी गाडी जॅकवर उचलून एकेक चाक हातानं फिरवलं, न जाणो एखादा ब्रेक धरत असेल. चाकं भिंगरीसारखी फिरली.

"ब्रेकचे पॅड तेवढे झिजलेत," मेस्त्री म्हणाले.

"इतक्या लवकर? उन्हाळ्यात तर घातले होते," मी म्हटलं.

"शिकाऊ गाडी आहे, पोरी. शिकाऊ गाडीचे पॅड झिजणार नाहीत तर काय वाढणार?"

हे आम्हा सगळ्यांना पटलं. ड्रायव्हिंग क्लासवाल्यांना पटण्यासारखंच होतं ते.

दर वेळी तोच तमाशा. मेस्त्री एकटे गेले की राणीसरकार सुसाट, आम्ही बसलो की धापा. "मला बघून चालते ती," मेस्त्री म्हणाले, पण आता त्यांच्या आवाजात पहिल्यासारखा रुबाब नव्हता. "वहिनी, हे कधीपासून म्हणता?"

"झाला असेल महिना, दीड महिना," आई म्हणाली.

घरोघरी वैद्य झाले. आत्याचं मत, विद्यार्थी क्लचवर पाय ठेवून बसतात. बाबा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "पट्टा सैल झाला असेल. माझ्या मशीनचा झाला की अस्संच होतं." पेट्रोल पंपावर पेट्रोल भरणाऱ्या माणसानं पेट्रोल सोडून बाकी सगळ्याला दोष दिला. डॉक्टरांनी सकाळी गिअर बदलता बदलता एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे एक बाई आल्या होत्या, खालची दाढ ठणकते म्हणून. किडलेली निघाली वरची. "दुखतं एकीकडे, बिघाड दुसरीकडे, मॅडम."

"समोर बघा," आई म्हणाली.

मी मात्र वही केली. विज्ञानाच्या बाईंनी शिकवलंय की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. मी पाच रकाने आखले: चालवतंय कोण, शेजारी कोण, मागे कोण, रस्ता कुठला, चढली की नाही. मेस्त्री हसले. "वहीत इंजिन उघडतं होय?"

गुरुवारपर्यंत वही अशी झाली होती. मेस्त्री एकटे: चढली. आई एकटी, गॅरेजमधून घरी: चढली, तीही ऐटीत. डॉक्टर, शेजारी आई: नाही. कॉलेजची मुलगी, शेजारी आई: नाही. गुरुवारी आईला शिकाऊ लोकांचे कागद घेऊन परवान्याच्या कचेरीत जायचं होतं, म्हणून मेस्त्रीच डॉक्टरांच्या शेजारी बसले. आणि चढली! डॉक्टरांच्या हातून! मेस्त्री उतरले ते हात वर करूनच. "पंप! मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय पंप!" पहिल्या दिवशी ते फिल्टर म्हणाले होते, माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

शुक्रवारी सकाळी पुन्हा आई शेजारी. पुन्हा म्हैस.

एवढं होऊनही मला कळलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पाच रकाने आखणाऱ्या मुलीला एका रकान्यात दर वेळी एकच शब्द येतोय, हे दिसलं नाही. शेजारी: आई. शेजारी: आई. तो शब्द मला रकान्यातला वाटतच नव्हता. आई शेजारी असते, त्यात लिहिण्यासारखं काय?

मग मी जागा बदलली, तेही वेगळ्याच कारणानं. मी नेहमी आईच्या मागे बसते. त्याच शुक्रवारी सकाळी तिथं डॉक्टरांचा पांढरा कोट घडी करून ठेवला होता, म्हणून मी डॉक्टरांच्या मागे सरकले आणि वही मांडीवर घेऊन पुढे वाकले. तिथून आईचे पाय दिसतात.

इथं एक सांगायला हवं. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. चालवणारा चुकला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा, एरवी पाय लांब ठेवायचा. आईला हा नियम तोंडपाठ आहे.

"डॉक्टर, क्लचवरून पाय काढा," आई म्हणत होती. "क्लच म्हणजे काय पाय टेकायचं पायपुसणं आहे? कितींदा सांगायचं, काम नसलं की पाय बाजूला!"

आणि तिचा काळा बूट त्या जादा ब्रेकवर होता. टाच उचललेली, चवडा टेकलेला. समोर कुत्रं आलं, चवडा थोडा खाली. सायकल आली, अजून थोडा खाली. चढ लागला तसा बूट सपाट झाला. डॉक्टर एक्सलेटर दाबत होते, आई ब्रेक दाबत होती आणि मध्ये राणीसरकार बिचारी दोघांचं ऐकत होती. आईला पत्ताच नव्हता. ती "आरसा, आरसा" म्हणत होती.

पहिल्यांदा मला काय झालं असेल, तर आनंद! सापडलं! मी तोंड उघडलंसुद्धा. मेस्त्रींना सापडलं नाही, कॉम्प्युटरला सापडलं नाही, मला सापडलं. आणि मग ते उघडलेलं तोंड तसंच राहिलं, कारण सापडलेला बिघाड माझी आई होती. बिघडलेला भाग काढून दुसरा बसवतात. आत्या तेच करायला निघाली होती, फक्त तिला अजून कळलं नव्हतं की तिचं बरोबर आहे.

त्या दिवशी शाळेत मी एकदाही हात वर केला नाही. बाईंनी बोलावून विचारलं, बरं नाही का.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पुढच्या आठवड्याच्या वेळा लिहीत होती. लिहिता लिहिता थांबत होती. पुढचा आठवडा असणार आहे की नाही, हे तिलाही माहीत नव्हतं. गॅसवर दूध तापत होतं. आतल्या खोलीत बाबांचं मशीन चाललं होतं.

"आई, बिघाड सापडला."

"मेस्त्रींना?"

"मला. तुझा पाय."

आईनं पेन खाली ठेवलं. मी वही पुढे सरकवली. तिनं ती, विद्यार्थ्यांचे अर्ज तपासते तशी, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचली.

"मेस्त्री बसले तेव्हा चढली?"

"चढली."

"मग वजनाचं…"

"ते तुझ्या दुप्पट आहेत."

"आणि मी एकटी चालवते तेव्हा?"

"तेव्हा तुझे दोन्ही पाय कामात असतात."

आई हसली नाही. "अठरा वर्षं," ती म्हणाली. "अठरा वर्षं मी लोकांना ओरडतेय. काम नसलं की पाय बाजूला. मी ठेवीन ब्रेकवर पाय? काहीतरी बघितलं असशील तू. बूट नुसता जवळ असेल."

"मी आज बघितलं, आई. कुत्र्याला थोडा, सायकलीला जास्त, चढावर पूर्ण."

"शक्यच नाही."

तेवढ्यात दूध वर आलं. आईनं बघितलं, मीही बघितलं. आई उठली नाही. तिनं टेबलाखाली फरशीवर पाय दाबला. जोरात, गच्च, बोटं पांढरी होईपर्यंत. आम्ही दोघी त्या पायाकडे बघत राहिलो आणि दूध आपल्या मर्जीनं उतू गेलं.

"अगं, वास कसला येतोय?" बाबांनी आतून विचारलं.

मग मी उठून गॅस बंद केला. आई तिथंच बसून म्हणाली, "ती बाबागाडीवाली बाई."

मला लगेच आठवलं. दीड महिन्यापूर्वी, बेकरीच्या कोपऱ्यावर, कॉलेजच्या मुलीनं ब्रेकऐवजी एक्सलेटर दाबला होता. समोर एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. आईनं तिच्याकडचा ब्रेक मारला आणि गाडी वीतभर अंतरावर थांबली. ती बाई मोबाइलवर बोलत तशीच पुढे गेली. आई त्या मुलीला एवढंच म्हणाली, "झालं. आता पहिला गिअर टाका." मी शाळेत जाऊन सगळ्यांना आईचा पराक्रम तिखटमीठ लावून सांगितला होता.

"पण तेव्हा काहीच झालं नाही, आई. त्या बाईला कळलंसुद्धा नाही."

"हो ना. तिला कळलं नाही. त्या मुलीलाही नीट कळलं नाही," आई म्हणाली. "सगळं मलाच कळलं."

ती उठली, फडकं ओलं केलं आणि शेगडी पुसायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "आत्याला सांगणार आहेस?"

आणि मी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती मी, म्हटलं, "तू म्हणशील तसं."

शनिवारी सकाळी आत्या मुद्दाम डॉक्टरांनाच घेऊन आली. "यांच्या हातून चढली तर कुणाच्याही हातून चढेल," असं ती त्यांच्यासमोरच म्हणाली आणि डॉक्टरांनी मान डोलावली. मेस्त्री चढाच्या पायथ्याशी, हात मागे बांधून, लग्नाच्या मुलीचा बाप उभा राहतो तसे उभे होते. आत्या आणि मी मागे बसलो.

आई शेजारच्या सीटवर बसली, पट्टा लावला. मग वाकली, ब्रेकच्या बाजूच्या पायातला बूट काढला आणि मागे वळून माझ्या हातात दिला. "धर." तो पाय तिनं वर घेतला आणि दुसऱ्या मांडीखाली दुमडून त्यावर बसली.

"हे गं काय?" आत्या म्हणाली. "झोपाळ्यावर बसलीस का?"

"पाय अवघडलाय, ताई. चला डॉक्टर, पहिला गिअर."

डॉक्टरांनी क्लच सोडला आणि दीड महिना दाबत आले होते तसा एक्सलेटर दाबला. पूर्ण.

राणीसरकारांनी उडीच मारली. माझं डोकं मागे आपटलं. आत्यानं माझा दंड पकडला, नखांसकट. दुसरा गिअर. विजेचा खांब गेला. दुसरा खांब गेला. इंजिन आता रडत नव्हतं, गात होतं.

"तिसरा टाका," आई म्हणाली.

"मॅडम, ही थांबत नाहीये!"

"थांबायचं नाहीच आहे. तिसरा."

तिसरा पडला. डॉक्टर ओरडले. म्हणजे दात उपटताना पेशंट ओरडत असतील तसे. आईचा दुमडलेला गुडघा टणकन वर आला. मला दिसलं, पाय सुटू बघत होता. तिनं दोन्ही हातांनी तो दाबून धरला, जसं एखाद्या द्वाड पोराला बसवून ठेवतात. पण आवाज मात्र जराही हलला नाही.

"डॉक्टर. पाय उचला. दाबू काही नका, फक्त उचला. हां. बघा, ऐकते की नाही? आता हलकेच, अंडं पायाखाली आहे असा ठेवा. रस्ता मोकळा आहे. पुढे वळणावर काय दिसतं?"

"सायकल! मॅडम, सायकल!"

"मला सांगू नका, मला दिसतेय. काय करायचं?"

"ब्रेक! तुम्ही ब्रेक—"

"माझा नाही. तुमचा. तुमच्याच पायाखाली आहे तो."

मग डॉक्टरांनी ब्रेक दाबला. सावकाश, नीट, पुस्तकात लिहिलंय तसा. सायकलवाला निघून गेला. आम्ही चढाच्या माथ्यावर कडेला थांबलो. डॉक्टरांनी हँडब्रेक ओढला, कुणी न सांगता.

"चढली," आत्या म्हणाली आणि माझा दंड सोडला. "तिसऱ्यावर चढली. मेस्त्रीच्या हातात जादू आहे बाई."

आता गप्प बसलं असतं तर सगळं झालं होतं. मीसुद्धा गप्प होते, याची नोंद व्हावी. पण आई मागे वळली.

"ताई, गाडीला काही झालंच नव्हतं," ती म्हणाली. "माझा पाय असायचा ब्रेकवर. दीड महिना. मला कळत नव्हतं, काल कळलं. तुम्हाला सांगायला हवं म्हणून सांगते."

माझ्या हातात तिचा बूट होता. मी तो इतका घट्ट धरला की बोटं दुखली. आत्या आईकडे बघत राहिली, एक, दोन, तीन. आणि मग जी हसली!

"काहीतरीच! तुझा पाय? अगं, या क्लासात ब्रेकवर पाय ठेवणारा माणूस शोधायला निघाले तर आधी मी स्वतःला पकडीन, मग या पोरीला, आणि तू सगळ्यांत शेवटी. बुधवारी नवा पंप घातलाय आणि मला पाय सांगते!"

"ताई, खरंच."

"आत्या, हे बघ, माझ्याकडे तक्ता आहे." मी वही उघडली. "प्रत्येक वेळी शेजारी आई…"

"तुझे तक्ते परीक्षेत दाखव," आत्या म्हणाली. "आईला नाव ठेवायला वही केलीस होय गं?"

झालं! आयुष्यातला पहिला मोठा शोध, पुरावा हातात, आरोपीनं स्वतः गुन्हा कबूल केलेला, आणि न्यायाधीश म्हणते, चला, चहा पिऊ.

फक्त एका माणसाला ते पटलं. डॉक्टर स्टिअरिंग धरूनच आईकडे वळले. "म्हणजे मॅडम, मी दीड महिना ब्रेक लावलेली गाडी चालवत होतो?"

"हो," आई म्हणाली. "माझी चूक. माफ करा."

"नाही, ते असू दे. म्हणजे मला गाडी येते?"

"ते आता बघायचं," आई म्हणाली. "आरसा बघा. वळवा गाडी."

खाली मेस्त्री वाट बघत होते. आत्यानं खिडकीतूनच त्यांना शाबासकी दिली आणि त्यांनी ती, कपाळावरचा घाम पुसत, सगळीच्या सगळी घेतली.

आईची सीट राहिली. खरं बोलूनसुद्धा राहिली. असं होतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं.

पण मंगळवारपासून नवीनच सुरू झालं. कॉलेजची मुलगी उतरली ती थरथरत. मग एक वकील आले. मग एक काकू. सगळे आईकडे, म्हणजे ब्रेक लावलेल्या गाडीवर, शिकलेले. सगळ्यांची एकच तक्रार. गाडी बिघडली आहे, फार पळते. तीन तक्रारी झाल्या की आत्या गप्प बसत नाही, हे मी आधी लिहिलंच आहे. गुरुवारी सकाळी पावणेसातला मेस्त्री बॉनेट उघडून उभे.

"एवढा पिकअप कशाला दिलास?" आत्या त्यांना म्हणाली. "शिकाऊ माणसं आहेत ती. कमी कर जरा."

"बघतो," मेस्त्री गंभीरपणे म्हणाले. त्यांनी इंजिनाला कान लावला. "हवा जास्त घेतेय, असं वाटतं. किंवा मग ठिणगी."

मी आईकडे बघितलं. आई एका बुटानिशी, दुसरा बूट हातात घेऊन, दाराशी उभी होती. हल्ली ती निघतानाच काढून ठेवते. कॉलेजची मुलगी शेजारी पुस्तक छातीशी धरून उभी होती. तिचा चेहरा म्हणत होता की आज गाडी नादुरुस्त निघाली तर किती छान होईल.

"ताई, गाडी बरोबर आहे," आई म्हणाली. "वेग जास्त नाही. यांना हळू चालवायला मी शिकवेन. तेच तर काम आहे माझं."

"अगं पण तक्रार…"

"मेस्त्री, बॉनेट लावा," आई म्हणाली. त्याच आवाजात, ज्या आवाजात ती आरसा बघायला सांगते. पण ती अजून सीटवर बसलेली नव्हती, चक्क फुटपाथवर उभी होती. "सात वाजत आले. माझी शिकवणी आहे."

मेस्त्रींनी आत्याकडे बघितलं. आत्यानं आईकडे बघितलं. मग मेस्त्रींनी मुकाट्यानं बॉनेट लावलं.